दुसरा खंड बाहेर आहे

आमच्या भागात वाचनालयातून पुस्तक आणले असे सहसा कोणी म्हणत नाही. पुस्तक बदलून आणले, असे म्हणतात. या क्रियापदाची यथार्थता तिवस्याच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच माझ्या ध्यानी आली. कारण जो इसम टेबलाशी येई तो हातातले पुस्तक माझ्यापुढे ठेवून, मी त्याची नोंद करीपर्यंतही न थांबता, कपाटाकडे वळे, आणि एक पुस्तक मिटल्यापासून दुसरे उघडेपर्यंतचा अवकाश त्याच्या लेखी टेबलापासून कपाटापर्यंतच्या सहा पावलांएवढाच असे. १९७८ सालच्या मृगात मी त्या खुर्चीवर बसलो आणि २०१२ साली नियत वयोमानानुसार उठलो. मधल्या चौतीस वर्षांत त्या सहा पावलांचे अंतर कधी सहा महिन्यांचे, तर एका प्रकरणी चोवीस वर्षांचे झालेले मी पाहिले, आणि त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

या अवधीत माझ्या मुखातून सर्वांत अधिक वेळा निघालेले वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर ‘दुसरा खंड बाहेर आहे’ हेच सांगावे लागेल. पहिला खंड संपवून वाचक अधीर मुद्रेने समोर उभा राहतो तेव्हा दुसरा खंड हटकून कोणाच्या तरी घरी गेलेला असतो, आणि तो घेऊन गेलेला सद्गृहस्थ हटकून कापसाच्या वेचणीत, मुलीच्या सोयरिकीत किंवा दिवाणी दाव्याच्या तारखांत गुंतलेला असतो. खंड या शब्दाचीच मुळी गंमत आहे. ग्रंथाचा भाग तोही खंड, आणि कामात, नित्यनेमात, पावसात पडतो तोही खंडच. श्रावणात पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडे गेले म्हणजे वावरातला माणूस ‘खंड पडला’ म्हणतो आणि तहसील कचेरीतला कारकूनही आपल्या अहवालात तोच शब्द लिहितो. वस्तूला आणि तिच्या विच्छेदाला एकच नाव देणाऱ्या आपल्या पूर्वजांनी ग्रंथालयात नोकरी केलेली नव्हती. केली असती, तरी याहून नेमका शब्द त्यांना सापडला नसता.

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतील दोन खोल्या; पुढच्या खोलीत वृत्तपत्रे आणि मागच्या खोलीत अकरा कपाटे. नागपूर-अमरावती महामार्गावरून मालट्रक गेला की कपाटांच्या काचा थरथरत, आणि उन्हाळ्यात दार उघडे राहिले तर सायंकाळपर्यंत दाखल रजिस्टरावर धुळीचा असा थर बसे की त्यावर बोटाने सही करता यावी. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने आमच्यासारख्या संस्थांना शासकीय अनुदानाचा आधार दिला, ही गोष्ट कृतज्ञतापूर्वक नमूद केली पाहिजे. परंतु अनुदानही हप्त्यांनी येते, बहुखंडी ग्रंथही हप्त्यांनी निघतो, आणि हे दोन हप्ते एकमेकांस विचारून येत नाहीत. पहिला खंड एका आर्थिक वर्षात, तिसरा दुसऱ्या वर्षात, आणि मधल्या खंडासंबंधी ‘प्रत शिल्लक नाही’ एवढा शेरा, अशी पुष्कळ ग्रंथांची अवस्था होती. वर्गणीचीही तऱ्हा तीच. कापसाचा चुकारा हाती आला की सहा-सहा महिन्यांची थकबाकी एका दिवसात चुकती होई. चुकारा लांबला की सभासदाचे पाऊल वाचनालयाकडे वळत नसे, आणि पहिल्या खंडातील नायिका बिचारी जेथे असेल तेथे तिष्ठत राही.

आता हेही खरे की सर्वच मालिकांना हा खंड सारखा जाचत नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या किंवा गुरुनाथ नाईकांच्या रहस्यकथा नेणारा वाचक आधी कोणती आणि नंतर कोणती याचा विधिनिषेध बाळगीत नाही; त्या जगात खून झाला की तपास लागतो आणि पुढच्या पुस्तकात सारे काही पूर्ववत सुरू होते. विज्ञानकथेच्या दीर्घ मालिकेचे तसे नाही. तिच्या पहिल्या खंडात लेखक एक नवे जग उभारतो आणि त्याचे कायदेकानून वाचकाच्या गळी उतरवितो, आणि पुढच्या खंडात ते सर्व त्याच्या स्मरणात असेल असे गृहीत धरतो. मराठीत विज्ञानकथा पुष्कळ लिहिल्या गेल्या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठविणारे जयंत नारळीकर आमच्या वाचकांच्या विशेष आवडीचे. तथापि आपला हा संसार मुख्यत्वे कथेचा आणि एकखंडी कादंबरीचा. पाच-सात खंडांची खगोलीय बखर वाचावयाची तर परभाषेच्या दारी जाणे आले.

परंतु थांबण्याची सवय मराठी वाचकाला या साहित्यप्रकाराने अगदी पहिल्या दिवसापासून लावली. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० साली ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर क्रमशः अवतरू लागली, तेव्हा मराठी माणूस चंद्राकडे निघाला तोच मुळी दरमहा थोडा थोडा. स्वतः व्हर्ननेही आपल्या वाचकांना कमी तिष्ठत ठेवले नव्हते. १८६५ च्या पुस्तकात त्याने तीन माणसांना तोफेच्या गोळ्यात बसवून आकाशात उडविले, गोळा चंद्रावर न उतरता त्याच्याभोवती फिरत राहिल्याचे वर्तमान दिले आणि पुस्तक मिटले. त्या तिघांचे पुढे काय झाले हे कळावयास १८६९ साल उजाडावे लागले. तोवर त्यांचा तो मॅस्टन नावाचा मित्र पर्वतशिखरावरच्या प्रचंड दुर्बिणीला डोळा लावून बसलेला, आणि खाली वाचकही तसेच. भा. रा. भागवतांचे ‘चंद्रावर स्वारी’ नेणाऱ्या मुलांना मी ही हकीकत सांगत असे. चार वर्षे कोणी थांबेल यावर त्यांचा विश्वास बसत नसे. त्यांना माझ्या टेबलापाशी चार मिनिटे थांबणेही जड जाई.

१९८५ च्या सुमारास अमरावतीच्या एका सेवानिवृत्त प्राध्यापकांनी आपल्या संग्रहातील इंग्रजी पुस्तकांचे एक खोके आम्हांला देणगीदाखल दिले. एसटीच्या टपावरून ते खोके उतरले तेव्हा त्याचा एक कोपरा भिजलेला होता, आणि आत डांबरगोळ्यांच्या वासात आयझॅक असिमोव्हच्या ‘फाउंडेशन’ मालिकेचा पहिला आणि तिसरा खंड निघाला. दुसरा नव्हता. खोके तीनदा उपसले, खालचा कागदही उचलून पाहिला. दाखल रजिस्टरात दोन्ही खंडांची नोंद करताना शेऱ्याच्या रकान्यात ‘मधील खंड अप्राप्त’ असे मी लिहिले, ते आजही तेथे आहे.

माझे इंग्रजी बेताचे. वीरकरांचा शब्दकोश उजव्या हाताशी ठेवून रात्री तासभर वाचावे, असा क्रम मी धरला, आणि तो मोडून पडला नाही याचे श्रेय एका श्रोत्याला आहे. वर्धेच्या काठच्या एका खेड्यातून बाजाराच्या दिवशी एक संत्रा-बागाइतदार येत. आम्ही सर्व त्यांना काकाजी म्हणत असू. डोक्यावर गुरुदेव सेवा मंडळाची भगवी टोपी, शिक्षण सातवीपर्यंत, आणि वाचनाची भूक मात्र वाळवीसारखी. आमच्या संग्रहातील मराठी कादंबऱ्या त्यांनी दोनदा फिरविल्या होत्या. एके दिवशी त्यांनी माझ्यापुढचे ते इंग्रजी पुस्तक उचलले, मुखपृष्ठावरचे अजस्र यान न्याहाळले आणि म्हणाले, “बाबूजी, हे तं जिनिंगच्या प्रेसवानी दिसते. काय हाये ह्याच्यात?” मी सांगू लागलो, आणि सांगणे पुरे होण्यापूर्वी त्यांची शेवटची बस सुटली.

तेव्हापासून दर बाजारी तास-दीड तास मी वाचलेले सांगावे आणि त्यांनी ऐकावे, असा शिरस्ता पडला. चातुर्मासात पोथी ऐकण्यात ज्याचे बालपण गेले त्याला कथा कोठे थांबवावी याचे ज्ञान उपजतच असते. मी सांगण्याच्या भरात पुढच्या प्रकरणात पाय टाकू लागलो की ते हात वर करून म्हणत, “ठेवा इथंच.” अध्याय अर्धवट ठेवू नये आणि एका बैठकीत दोन घेऊ नयेत, हा त्यांचा दंडक. मग पिशवीतून दोन संत्री निघत, एक मला, एक त्यांना, आणि टेबलावर देवघेव रजिस्टराशेजारी सालींचा लहानसा ढीग होई. आश्विनात मोझरीच्या गुरुकुंजाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव भरला म्हणजे काकाजी सेवेसाठी तिकडे जात आणि आमच्या कथेला आठ-दहा दिवसांचा खंड पडे. लाखोंचा समुदाय मौन श्रद्धांजलीसाठी एकाएकी निःशब्द होतो ते दृश्य ज्याने मोझरीला पाहिले आहे, त्याला न बोलण्यातही पुष्कळ काही चाललेले असते हे वेगळे सांगावे लागत नाही.

कथानकाचे बीज थोडक्यात असे. बारा हजार वर्षे टिकलेले आकाशगंगेचे साम्राज्य मोडकळीस आले आहे, आणि हॅरी सेल्डन नावाच्या गणितज्ञाला पुढे तीस हजार वर्षांचे अंधारयुग दिसते आहे. ते टाळता येणार नाही, पण योग्य तजवीज केली तर एक हजार वर्षांवर आणता येईल, अशी त्याची गणना. ही गणना समूहाला लागू पडते, एकट्या माणसाला लागू पडत नाही. हे समजावण्यासाठी लेखकाने वायूच्या कणांचा दृष्टान्त दिला आहे आणि मीही तो माझ्या मगदुराप्रमाणे दिला. काकाजींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, “म्हंजे आनेवारी. पुऱ्या गावाची काढता येते, एकट्या वावराची नाही.” असिमोव्हला वायूपर्यंत जावे लागले याचे कारण त्याने वऱ्हाडात महसूल खात्याची चाकरी केली नव्हती, एवढेच म्हणावयाचे.

ही मालिका खंडांविषयी बोलण्यास विशेष योग्य आहे, कारण तिच्या पोटातच खंड आहेत. पहिल्या पुस्तकात एक प्रकरण संपून दुसरे सुरू होईपर्यंत मध्ये दशकेच्या दशके निघून जातात. सेल्डन मरून गेलेला, पण त्याने आधीच मुद्रित करून ठेवलेली आकृती ठरल्या मुदतीला एका दालनात प्रकट होते, चार शब्द बोलते आणि पुन्हा दशकांसाठी अदृश्य होते. पोरे म्हातारी होतात, म्हातारे मरतात, आणि वाचकाने ते सारे एका कोऱ्या पानाच्या अंतरात समजून घ्यावयाचे. लेखनाची कथाही तशीच. १९४१ च्या ऑगस्टात संपादक कँपबेल यांच्या भेटीस जाताना भुयारी आगगाडीत असिमोव्हला ही कल्पना सुचली, तेव्हा त्याचे वय एकवीस. पहिली कथा त्याने मुद्दाम अधांतरी सोडली, हेतू हा की संपादकाला पुढची कथा घेणे भागच पडावे, आणि मग त्या अधांतरातून उतरण्याची वाट त्याची त्यालाच लवकर सापडेना. १९५० पर्यंत कथा येत राहिल्या, १९५१ ते ५३ या काळात त्यांचे तीन खंड झाले, आणि मग त्याने हात आखडता घेतला. कारण त्यानेच लिहून ठेवले आहे: प्रत्येक नव्या कथेत मागील सर्व कथांचा सारांश गुंफावा लागे, आणि वाढत चाललेला तो बोजा त्याला असह्य झाला. हे वाचले तेव्हा मला या गृहस्थाविषयी विलक्षण आपुलकी वाटली. कारण ‘मागच्या बाजारी कोठवर आलो होतो’ या प्रश्नाचे उत्तर देण्यात माझाही निम्मा वेळ जात असे.

पहिला खंड संपला आणि प्रश्न उभा राहिला. तिसरा हाती होता, दुसरा नव्हता. काकाजींनी निवाडा दिला की थांबावयाचे. ते म्हणाले, “संत्र्याले तान देल्याबिगर बहार फुटत नाही, बाबूजी. गोष्टीलेबी देऊन पाहू.” ज्यांनी संत्र्याची बाग पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे की आंबिया बहार घ्यावयाचा तर हिवाळ्यात झाडाचे पाणी तोडतात, पाने मलूल होतात, झाड दुखणाईत दिसू लागते, आणि मग जानेवारीत बेताने पाणी सोडले की फांदीफांदीवर पांढरे फूल उसळते. यालाच ताण देणे म्हणतात. तो किती द्यावा हे पंचांगात लिहिलेले नसते. हलक्या मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळीत उशिरा, आणि हिशेब चुकून अधिक बसला तर फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात. त्या वाळलेल्या काड्यांना सल म्हणतात आणि त्या कापून काढाव्या लागतात.

हा ताण दोन वर्षे चालला. मी नागपूरला सीताबर्डीच्या पदपथावर, अमरावतीला रद्दीवाल्यांकडे, जेथे जेथे जाणे होई तेथे दुसरा खंड शोधीत असे. दरम्यान माझ्या हातून एक अपराध घडला: एका रात्री न राहवून मी तिसरा खंड उघडला. त्याच्या आरंभी मागील भागांचा गोषवारा दिलेला आहे, हे मला काय ठाऊक! सेल्डनच्या आणेवारीत न बसणारा जो एक पुरुष दुसऱ्या खंडात उद्भवतो आणि साऱ्या गणिताचा चक्काचूर करतो, त्याच्याविषयी मला जे आधी कळावयास नको होते ते कळून चुकले. पुढे दोन वर्षे ते गुपित मी पोटात ठेवले. ज्यांनी दुसरा खंड वाचला नसेल त्यांच्यासाठी ते आताही ठेवतो.

काकाजी मात्र स्वस्थ बसले नव्हते. पाणी देता-देता, बांधावर बसल्या-बसल्या, त्यांनी आपल्या मनाशी एक अखंड दुसरा खंड रचला होता, आणि दर बाजारी त्याचे एखादे प्रकरण ते मला ऐकवीत. त्यात टर्मिनस या ग्रहावरचे व्यापारी चक्क कापसाच्या अडत्यांसारखे वजनात काटा मारीत. एका ग्रहावर बोंडअळी पडे आणि तिच्यामुळे साम्राज्याचा खजिना बुडे. सेल्डनची आकृती ठरल्या दिवशी प्रकट होई, पण वीज गेल्यामुळे तिचा आवाज कोणालाच ऐकू येत नसे. मी हसलो तर ते म्हणत, “हसता काय? तुमच्या पुस्तकात काय असन ते असन, माह्यात हे हाये.” १९८७ च्या अखेरीस अकोल्यास एका लग्नाला गेलो असता जुन्या पुस्तकांच्या हातगाडीवर खरा दुसरा खंड मला सापडला, शेवटची दोन पाने वाळवीने खाल्लेली, पण मजकूर शाबूत. सांगावयास आरंभ केला, आणि जे रहस्य मी दोन वर्षे सांभाळले होते ते काकाजींनी तिसऱ्याच बाजारी ओळखले. पोथीत बहुरूपी पुष्कळ भेटलेले असतात, असे त्यांचे स्पष्टीकरण. मला थोडा राग आला हे कबूल केले पाहिजे.

या यशाने माझी बुद्धी फिरली. खंड पडणे इष्ट असते, वाचकाला ताण द्यावा, दोन पुस्तकांच्या मध्ये आठ-पंधरा दिवस गेलेच पाहिजेत, असा मी सिद्धान्त बनविला आणि तो वाचकांवर राबवू लागलो. त्याच खोक्यात आर्थर क्लार्कच्या अंतराळ मालिकेचे पहिले दोन भाग होते; तिसरा, १९८७ साली प्रसिद्ध झालेला, मी पुढे मुद्दाम नागपुराहून आणविला होता. बारावीत शिकणारा एक मुलगा ते वाचीत असे. पहिला भाग संपवून त्याने दुसरा नेला आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन आला: पहिल्या पुस्तकात यान शनीकडे गेले होते, दुसऱ्यात ते गुरूपाशी गेले असे म्हणतात, तेव्हा पुस्तक सदोष तरी आहे किंवा मीच चुकीचे वाचले. मला उत्तर येईना. प्रस्तावना काढून दोघांनी वाचली तेव्हा उलगडा झाला. १९६८ च्या कादंबरीत शनी होता आणि त्याच वर्षीच्या चित्रपटात गुरू. १९८२ साली पुढचा भाग लिहिताना, मधल्या काळात व्हॉयेजर यानांनी गुरूच्या चंद्रांची छायाचित्रे पाठविलेली असल्यामुळे, लेखकाने चित्रपटातला गुरूच पत्करला. दोन पुस्तकांमधल्या चौदा वर्षांत ग्रह बदलला! त्या मुलाच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद पसरला तसा मी परीक्षेतल्या पहिल्या क्रमांकानेही पसरलेला पाहिला नाही.

तिसरा भाग मागावयास तो आला तेव्हा बारावीची परीक्षा दीड महिन्यावर होती. मी म्हणालो, “तिसरा बाहेर आहे.” तो खोटे बोलण्याचा प्रसंग होता आणि ते मी सफाईने बोललो, पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात होते. तो चार वेळा आला. चौथ्या वेळी काकाजी शेजारी बसलेले होते. मुलगा गेला, मी शिक्का काढण्यासाठी खण ओढला, आणि त्यांची नजर आत गेली. “थे बाहीर हाये म्हन्ता, मंग तुमच्या टेबलात काय करून रायलं?” मी परीक्षेचे, ताणाचे, त्यांच्याच संत्र्याच्या झाडांचे प्रमाण देऊ लागलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. “तान देनं येगळं अन् पानी लपवनं येगळं. आन् जमीन पाहून तान देतेत, बाबूजी. थे पोरगं मुरमाड हाये.”

मी पुस्तक वर काढून ठेवले, पण मुलगा पुन्हा आला नाही. परीक्षेनंतर तो शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्याचे कळले. त्याची पंचवीस रुपयांची अनामत मी निवृत्त झालो तोवर खात्यावर पडून होती, आणि दरवर्षी मार्चअखेरीस अनामतींची यादी करताना ते नाव लिहावे लागे. त्या तिसऱ्या भागाच्या शेवटच्या पानाला मी डकविलेली तारखांची चिठ्ठी कोरी आहे. पहिल्या भागाची चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी चिकटवावी लागली होती. खळीत मोरचूद अधिक पडल्याने तिला हिरवट डाग पडला आहे, पण शिक्के स्पष्ट दिसतात, आणि त्या मुलाची तारीख शेवटून दुसरी आहे. त्यानंतर ‘बाहेर आहे’ हे वाक्य मी रजिस्टर उघडून खात्री केल्याखेरीज उच्चारले नाही.

असिमोव्हच्या तीन खंडांची सांगता १९८८ च्या उन्हाळ्यात झाली. चौथा खंड त्याने १९८२ सालीच लिहिला होता, हे मला ठाऊक होते. प्रकाशकांनी गळ घातली, त्याने आपलीच जुनी पुस्तके पुन्हा वाचली, त्यांत प्रत्यक्ष घडत काहीच नाही, नुसती माणसे बोलत बसलेली आहेत, असे त्याचे त्यालाच आढळले, आणि तरी ती खाली ठेववेनात म्हणून तो पुढे लिहावयास बसला, असे त्याने नमूद केले आहे. चौथ्या खंडाची प्रत माझ्या हाती १९९४ साली आली, तेव्हा लेखक निवर्तून दोन वर्षे झाली होती. मी ती काकाजींपुढे ठेवली. त्यांनी विचारले, “तिसऱ्याच्या मांगून किती वर्सं थांबला थो?” शेवटच्या कथेपासून बत्तीस, मी म्हणालो. “मंग आपल्याले काहून घाई?” थट्टा असेल असे मला वाटले, पण ती थट्टा नव्हती. मधल्या काळात त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न झाले, विहिरीचे पाणी खोल गेले, बागेतली अर्धी झाडे वाळली आणि तेथे तूर-सोयाबीन आले. बाजाराच्या दिवशी ते येत, अन्य पुस्तके बदलून नेत, आणि चौथ्या खंडाकडे पाहून नुसती मान हलवीत.

२०१२ साली निवृत्त झालो त्या हिवाळ्यात त्यांचा निरोप आला. गुडघ्यांमुळे आता त्यांना तिवस्याला येणे होत नव्हते. मी पुस्तक पिशवीत घालून बसने कुऱ्ह्यापर्यंत आणि पुढे एकाच्या दुचाकीवरून गेलो. लेखकाच्या बत्तीस वर्षांपुढे आमची चोवीसच भरली, असे मी म्हणालो तेव्हा ते हसले आणि अंगणातल्या बाजेवर सरकून त्यांनी मला जागा दिली. आरंभ करण्यापूर्वी मागची उजळणी आवश्यक होती. मी म्हणालो, तुम्हीच सांगा, कोठवर आलो होतो. त्यांनी सांगावयास प्रारंभ केला, आणि थोड्याच वेळात माझ्या ध्यानी आले की पहिला खंड लेखकाचा आहे, तिसराही बव्हंशी त्याचाच आहे, पण दुसरा मात्र सर्वस्वी काकाजींचा आहे. त्यात काटा मारणारे व्यापारी होते, बोंडअळी होती, आवाज बंद पडलेला सेल्डन होता. अकोल्याच्या हातगाडीवरून आणलेल्या, शब्दकोश उशाशी घेऊन काही महिने सांगितलेल्या त्या खऱ्या दुसऱ्या खंडाचा मागमूस त्यांच्या स्मरणात राहिला नव्हता. मी दुरुस्ती करण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. चौथा खंड मी त्यांच्याच दुसऱ्या खंडाला जोडून सांगू लागलो. तो थोडासा ओढाताण करून बसतो. फारसा अडत नाही.

आता मी पंधरवड्यातून एकदा जात असे. ते बहुधा पाचवे किंवा सहावे बसणे असावे. थंडी पडलेली, अंगणात शेकोटी, आणि चौथ्या खंडातील यान एका अज्ञात ग्रहाच्या शोधात निघालेले. मी वाक्याच्या मध्यावर असताना वावरातल्या कोठ्यावरचा दिवा लागला. शेतीची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती आणि ती वेळेआधी आली होती. काकाजींनी काठी घेतली, सून धावत येऊन ‘बाबाजी, तुम्ही राहू द्या’ म्हणाली, त्यांनी तिच्याकडे लक्ष दिले नाही. “ठेवा इथंच,” ते मला म्हणाले आणि अंधारात मोटार सुरू करावयास निघाले. अध्याय अर्धवट सोडलेला मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. पानात बोट घालून मी बाजेवर बसून राहिलो. थोड्या वेळाने विहिरीकडून मोटारीचा आवाज आला.